वजन कमी करण्याच्या क्लबला पैसे भरावेत का?

शब्दवेल

नमस्कार मंडळी. वय ४६, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ७९ किलो. परवाच्या तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, अजून मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात, पाच-सहा किलो उतरवा. कसे, ते विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत आला होता.

ऑफिसातली मैत्रीण एका क्लबात जाते. जे खाल ते ॲपवर टाकायचं, त्याचे पॉइंट मोजायचे, आठवड्याला एक मीटिंग, तिथे वजन. तिचं उतरलंय, डोळ्यांना दिसतंय. आता ती माझ्या मागे लागलीये. तीन महिन्यांची वर्गणी एकदम भरायची, वर्षाची घेतली तर घसघशीत सूट. नवरा म्हणतो, "कमी खायला पैसे कशाला लागतात?" मुद्दा बिनतोड आहे. फक्त कमी खायचं असतं हे मला वीस वर्षं पाठ आहे आणि वजनही वीस वर्षं चढतंच आहे.

चारचौघांत काट्यावर उभं राहायच्या कल्पनेनेच पोटात गोळा येतो. सोडल्यावर व्याजासकट परत येतं म्हणतात, ते खरं का? आणि माझी चौदा वर्षांची लेक "मी पण येते" म्हणून हटून बसलीये, तिला न्यावं का? जाहिराती सगळ्या वाचून झाल्यात. आतल्या गोष्टी सांगणारं कुणी आहे का?

आकडेमोड

आतल्या गोष्टी कुणीतरी सांगेलच, मी बाहेरचे आकडे देतो.

२०११ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक चाचणी आली होती. ऑस्ट्रेलिया, जर्मनी आणि ब्रिटनमधले ७७२ लोक. काहींना दवाखान्यातला नेहमीचा सल्ला, बाकीच्यांना वेट वॉचर्स या अशाच क्लब चालवणाऱ्या अमेरिकी कंपनीचं वर्षभराचं सदस्यत्व. वर्षाअखेरीला सल्लेवाल्यांचे सरासरी २.३ किलो उतरले, क्लबवाल्यांचे ५.१. दुपटीहून जास्त. आता मेख कुठे आहे पाहा. सदस्यत्व फुकट होतं, अभ्यासाला पैसा त्याच कंपनीने दिला होता आणि क्लबवाल्यांतलेही जवळजवळ ४० टक्के वर्ष पुरं व्हायच्या आत गळाले.

२०१७ मध्ये तिथेच इंग्लंडमधली आणखी मोठी चाचणी छापून आली, १,२६७ लोकांची. एका गटाला नुसती माहितीपुस्तिका, दुसऱ्याला १२ आठवडे क्लब, तिसऱ्याला ५२ आठवडे क्लब. वर्षाने अनुक्रमे ३.३, ४.८ आणि ६.८ किलो कमी. दोन वर्षांनी पुन्हा मोजलं तेव्हा तेच आकडे २.३, ३.० आणि ४.३. म्हणजे १२ आठवड्यांचा क्लब आणि एक पुस्तिका यांत शेवटी फरक उरला ७०० ग्रॅमचा. तीन महिन्यांची वर्गणी भरण्याआधी हा आकडा बघून घ्या. तुमच्या यजमानांना तो फार आवडेल.

मात्र तुमच्या ६.१ साठी एक चांगली बातमी आहे. अमेरिकेत ३,२३४ लोकांवर झालेल्या मधुमेह प्रतिबंधाच्या अभ्यासात (निकाल २००२चे) सात टक्के वजन उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल करायची, एवढंच ध्येय होतं. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. तुमचे सात टक्के म्हणजे साडेपाच किलो. डॉक्टरांचा आकडा हवेतून आलेला नाही.

वजनदार

शब्दवेलताई, मी अशा मीटिंगा चालवायचे. बरीच वर्षं. कंपनीचं नाव घेत नाही, आणि नाव घेऊन फारसा फायदाही नाही, कारण आतून सगळ्या बऱ्याचशा सारख्या आहेत.

आधी तुमचा पोटातला गोळा. बऱ्या क्लबात तुमचं वजन काट्याशी बसलेल्या एका बाईला दिसतं, बाकी कुणाला नाही. मीटिंगमध्ये बोललं जातं ते "या आठवड्यात इतकं उतरलं" एवढंच, तेही तुम्ही होकार दिलात तर. जिथे आकडा मोठ्याने पुकारतात तिथून चपला घालून सरळ घरी या. लाज म्हणाल तर ती दुसऱ्या महिन्यात जाते आणि मग हुशारी सुरू होते. मीटिंग संध्याकाळी असली की दुपारपासून पाणी बंद. काट्याआधी टेबलावर पट्टा, घड्याळ, कानातलं, खिशातल्या किल्ल्या. कडाक्याच्या थंडीतही काट्याच्या दिवशी पातळ सुती कपडे. एक गृहस्थ चष्मासुद्धा काढून चढायचे, मग आकडा दिसायचा नाही म्हणून मलाच वाचायला लावायचे.

पहिल्या आठवड्यात जवळजवळ सगळ्यांचं उतरतं. दोन किलो, कधी तीन. टाळ्या पडतात. त्यातली चरबी थोडीच असते. खाणं कमी झालं की यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन खर्च होतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, तेही जातं. हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेलं असायचं. सभासदांना सांगायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. मी सांगायचे, पण टाळ्या वाजून झाल्यावर.

मग पाचव्या-सहाव्या आठवड्यात काटा अडतो. इथून खुर्च्या रिकाम्या व्हायला लागतात. ज्याचं वाढलंय तो त्या आठवड्यात येतच नाही. गाडी बंद पडली, पाहुणे आले, डोकं दुखत होतं. पुढच्या आठवड्यात आणखी अवघड होतं आणि तिसऱ्या आठवड्यात माणूस फोन उचलत नाही. माझ्या नजरेत टिकणारा सभासद तो, जो वजन वाढल्याच्या आठवड्यात तोंड न चुकवता आला आणि मागच्या खुर्चीत बसून राहिला. बाकी मीटिंगमध्ये तुम्हाला कायम यशस्वी माणसंच भेटणार, कारण अयशस्वी घरी बसलेली असतात. भिंतीवर आधीचे आणि नंतरचे फोटो असतात. त्याच्याही नंतरचे कुणी लावत नाही.

आता पैसे नेमके कशाचे भरता ते. यासाठी वेट वॉचर्सचीच जन्मकथा सांगते. जीन निडेच ही न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली गृहिणी, वजन २१४ पौंड, म्हणजे ९७ किलो. १९६१ मध्ये ती शहराच्या आरोग्य खात्याच्या लठ्ठपणा क्लिनिकात गेली आणि तिथून आहाराचा तक्ता घेऊन आली. तक्त्यात खोट काहीच नव्हती. पण घरी ती लपवून ठेवलेली बिस्किटं खायची आणि क्लिनिकातल्या बाईंना ते सांगायची छाती होत नव्हती. शेवटी तिने सहा मैत्रिणींना घरी बोलावलं आणि त्यांच्यापुढे सगळं कबूल करून टाकलं. त्याही लपवून खाणाऱ्याच निघाल्या! १९६३ साली यातून कंपनी उभी राहिली. तक्ता आरोग्य खात्याचा होता. जीनने विकली ती मैत्रिणींची बैठक.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की पॉइंट, ॲप हे सगळं वरचं वेष्टन. पॉइंट चालतात, कारण ते लिहायला लावतात. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी, आणि बाटली वाकडी केली की तीन चमचे कधी पडले ते कळतही नाही. ते लिहायची वेळ आली की हात आखडतो. पण लिहायला वहीसुद्धा पुरते. वहीत जे मिळत नाही ते म्हणजे ठरलेला वार, ठरलेली वेळ आणि "मागच्या आठवड्यात कुठे होतीस?" असं विचारणारं माणूस. तुमच्या यजमानांच्या बिनतोड मुद्द्याला हेच उत्तर आहे. कमी खायला पैसे लागत नाहीत, पण वीस वर्षं जे जमलं नाही ते कुणाच्या तरी नजरेखाली जमतं, आणि ती नजर विकत घ्यायची की फुकट मिळवायची एवढाच प्रश्न उरतो. टॉप्स नावाची एक ना-नफा संस्था आहे, १९४८ साली अमेरिकेतल्या मिलवॉकीत सुरू झाली, वेट वॉचर्सच्याही आधी. नाममात्र वर्गणी, आठवड्याला काटा, आणि सभासदांतलंच कुणीतरी गट चालवतं. तुम्ही आणि तुमची मैत्रीण आणखी दोघींना धरून हेच ऑफिसात करू शकता. मात्र एक सांगते, फुकट गट महिना-दीड महिन्यात ढेपाळतात. जिथे पैसे भरलेत तिथे खाडा करायला जीव होत नाही.

क्लबच निवडलात तर पैसे भरण्याआधी एक मीटिंग नुसती बसून बघा आणि काउंटरवर काय मांडलंय ते पाहा. बार, पावडरी, पाकिटं यांचीच गर्दी असेल तर समजा की बैठक हे निमित्त आहे. १९७८ मध्ये वेट वॉचर्स हाइन्झ या खाद्यपदार्थांच्या कंपनीने विकत घेतली होती आणि त्या नावाने गोठवलेली जेवणं दुकानांत विकली गेली, यात सगळं आलं. तयार पाकिटांवर वजन छान उतरतं, कारण भाग कुणीतरी मोजून दिलेला असतो. पाकिटं थांबली की स्वयंपाकघरात पहिल्यापासून शिकावं लागतं. मार्गदर्शकाला विचारा, तुमची मिळकत मीटिंगच्या मानधनातून की विक्रीतून? मला हे कुणी विचारलं की मी सरळ सांगायचे. जी व्यक्ती उत्तर देताना घुटमळेल तिच्या गटात जाऊ नका.

सोडल्यावर परत येतं का? बहुतेकांचं बरंचसं येतं. वर दिलेले आकडे तेच सांगतात. पण याचं खापर इच्छाशक्तीवर फोडू नका, कितीही गोड आवाजात कुणी फोडलं तरी. केविन हॉल या अमेरिकी संशोधकाच्या गटाने २०१६ मध्ये हिशोब मांडला होता, की उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीर रोज २०-३० कॅलरी कमी जाळतं आणि भूक मात्र सुमारे १०० कॅलरींनी वाढते. तुमचे साडेपाच किलो उतरले की भूक रोज साडेपाचशे कॅलरी जास्त मागणार. उतरताना उत्साहाच्या भरात ते जाणवत नाही, टिकवताना जाणवतं. आणि नेमकी तेव्हाच क्लबाची मदत विरळ होते. वेट वॉचर्सचा जुना नियम बघा. ठरलेलं वजन गाठून सहा आठवडे टिकवलं की आजीव सभासद, आणि पुढे त्या वजनाच्या दोन पौंडांच्या आत राहिलात तर मीटिंग फुकट. ऐकायला छान आहे, आहेच. पण म्हणजे ज्याने टिकवलं त्याच्याकडून कंपनीला काही नाही आणि ज्याचं परत चढलं त्याच्याकडून वर्गणी. कुणी मुद्दाम कुणाचं वजन चढवत नाही हो. पण मेहनत कुठल्या टोकाला घ्यायची हे पैसा ठरवतो. भरायचेच असतील तर कमी आठवडे तुडुंब भरून घेण्यापेक्षा वर्षभर विरळ जा, अगदी महिन्यातून दोनदा, पण जात राहा.

लेकीला नेऊ नका. यावर दुमत ठेवू नका.

निशिगंध

वजनदारताईंनी सगळं नीट सांगितलंय, पण एक बाजू राहिली. मोजणं सगळ्यांना मानवत नाही.

माझ्या क्लबात बरीचशी फळं शून्य पॉइंटची होती. मग तेच फळ मिक्सरमधून काढून प्यायलं की त्याला पॉइंट लागायचे. कारण पटण्यासारखं आहे, चावून खाल्लेल्याने पोट भरतं, प्यायलेल्याने तितकं भरत नाही. पण माझ्या डोक्यात ते नियम अंगात आल्यासारखे बसले. शनिवारी बाहेर जेवायचं म्हणून बुधवारपासून पॉइंट साठवायचे, म्हणजे सरळ भाषेत उपाशी राहायचे. मग शनिवारी साठवलेले आणि न साठवलेले सगळेच उडवायचे. बाहेर जेवताना समोरचा बोलत असायचा आणि मी टेबलाखाली फोनवर ताटातले पॉइंट शोधत असायचे. वजन उतरत होतं, म्हणून सगळे कौतुक करत होते. नवऱ्याने एकदा विचारलं, "तुला भूक लागलीये का?" तर मी फोन बघून सांगितलं, "नाही, अजून चार आहेत."

तेव्हा समुपदेशकाकडे गेले. ज्यांना पूर्वी कधी खाण्याचा विकार झालाय, किंवा ज्यांचं अधाशासारखं खाणं आणि उपास आलटून पालटून चालतं, त्यांनी क्लबाआधी तिकडे जावं. क्लबात नाव नोंदवताना हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

तिसरा_मजला

मी पुरुष म्हणून एक भर घालतो. आमच्या गटात तीस बायका आणि मी. सुरुवातीला अवघडलो, नंतर मजा आली. पण सल्ले सगळे बायकांच्या दिनक्रमाला धरून. माझी रात्रपाळी असते, पहाटे चारला काय खायचं याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. ॲपचा दिवस रात्री बाराला संपायचा आणि माझा तेव्हा सुरू व्हायचा. पाळीत काम करणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्या.

वजन उतरलं का? उतरलं. राहिलंय का? अर्धं.

शब्दवेल

सगळ्यांचे मनापासून आभार. निशिगंध, तुमचं "अजून चार आहेत" वाचून काटा आला अंगावर.

वजनदारताई, लेकीबद्दल एका ओळीत संपवलंत. ती ऐकणार नाही, मला कारणं लागतील. आणि काल भावाने नवीनच पिल्लू सोडलं, की क्लबबिब सोड, आता इंजेक्शन निघालीत, तीच घे.

वजनदार

चौदाव्या वर्षी उंची आणि हाडं अजून घडत असतात, वजन कमी होण्यापेक्षा उंचीच्या मानाने स्थिर राहणं हे पुष्कळदा पुरेसं असतं, आणि ते बालरोगतज्ज्ञांनी ठरवायचं, क्लबाने नाही. त्या वयात घास मोजायला शिकलेल्या मुलींची निशिगंधसारखी गत व्हायला वेळ लागत नाही. खाण्याचे विकार पुष्कळदा साध्या डाएटपासूनच सुरू होतात. शिवाय मुलांची माहिती हाही एक विषय आहे. वेट वॉचर्सचं मुलांसाठी कर्बो नावाचं ॲप होतं. आईवडिलांच्या रीतसर परवानगीशिवाय लहान मुलांची माहिती गोळा केल्याच्या आरोपावरून २०२२ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने कारवाई केली, १५ लाख डॉलर दंड ठरला आणि ती माहिती पुसून टाकायला लावली. लेकीला यायचंच असेल तर संध्याकाळी तुमच्याबरोबर चालायला येऊ दे. काटा तिच्यासमोर काढू नका आणि स्वतःच्या पोटाला नावंही तिच्यासमोर ठेवू नका. ती मीटिंगला यायचं म्हणते ती तुमचं ऐकूनच.

इंजेक्शनचं आकडेमोड जास्त नेमकं सांगतील.

आकडेमोड

सांगतो. सेमाग्लुटाइड या त्यातल्याच एका औषधाच्या २०२१च्या मोठ्या चाचणीत १,९६१ लोक होते. ६८ आठवड्यांत औषधवाल्यांचं सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, औषधाविना नुसती सुई टोचलेल्यांचं २.४ टक्के. दोन्ही गटांना आहार-व्यायामाचा सल्ला होताच. क्लबाचे आकडे याच्या जवळपासही येत नाहीत. पण औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोनतृतीयांश परत आलं. म्हणजे परत येण्याच्या रोगातून इंजेक्शनही सुटलेलं नाही, ते चालू ठेवावं लागतं. मळमळ, उलट्या हे त्रास बऱ्याच जणांना होतात. घ्यायचं की नाही हे डॉक्टरांचं काम. तुम्हाला सात टक्के हवेत, पंधरा नाही, एवढं त्यांना आठवण करून द्या.

बाजाराला मात्र कळलंय. वेट वॉचर्सने २०२३ मध्ये ही औषधं लिहून देणारी सिक्वेन्स ही ऑनलाइन सेवा विकत घेतली, आणि २०२५ मध्ये कर्जाचा बोजा उतरवण्यासाठी दिवाळखोरी संरक्षणाचा अर्ज केला. काही आठवड्यांत कंपनी त्यातून बाहेरही आली.

शब्दवेल

ठरलं. गुरुवारी मैत्रिणीबरोबर एक मीटिंग नुसती बघून येते. काउंटर बघते, मिळकतीचा प्रश्नही विचारते, धीर झाला तर. डॉक्टरांची वेळ पुन्हा घेतलीये, या वेळी प्रश्न कागदावर लिहून नेणार. नवरा हे सगळं वाचून म्हणाला, मी विचारतो ना दर रविवारी "कुठे होतीस?" म्हणून, मला दे वर्गणी.

वजनदार

नवरा नको! ज्याच्यासमोर रागावून फ्रिज उघडता येतो तो काट्याशी बसायला चालत नाही. मैत्रीणच बरी.

आणि गुरुवारी आवडलंच तर एकदम वर्षाची वर्गणी भरू नका, सूट कितीही दाखवोत. महिन्याची आहे का ते विचारा. अर्जात आपोआप नूतनीकरणाची अट बारीक अक्षरात असते, रद्द करायचं तर किती दिवस आधी आणि कुठे कळवायचं ते त्यांच्याकडून लिहून घ्या. तोंडी "फोन करा, होऊन जाईल" म्हणतात, ते होत नाही.

चपला काढून चढायचं असतं, पायमोजे चालतात.